विश्लेषण : आयर्लंडमध्ये ग्रेहाउंड शर्यतींना सरकारी पैसा का मिळतो आणि त्यांच्यावर देखरेख कोण ठेवते?

आयर्लंडच्या सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात घोड्यांच्या आणि ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींसाठी मिळून ९ कोटी ९१ लाख युरोंची तरतूद केली. त्यातला पाचवा हिस्सा, म्हणजे सुमारे १ कोटी ९८ लाख युरो, ग्रेहाउंड शर्यतींच्या वाट्याला आला. ज्या मंडळाला ही रक्कम मिळते, त्याच मंडळावर शर्यती भरवण्याची, त्यांचा प्रचार करण्याची आणि नियम मोडणाऱ्यांवर कारवाई करण्याचीही जबाबदारी आहे. दुसरीकडे, १० डिसेंबर २०२४ रोजी न्यूझीलंडच्या सरकारने हा व्यवसाय वीस महिन्यांत पूर्णपणे बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. व्यावसायिक ग्रेहाउंड शर्यती आता जगातल्या बोटांवर मोजण्याइतक्या देशांतच उरल्या आहेत. अशा वेळी करदात्यांचा पैसा या व्यवसायाला का द्यायचा, आणि दिला तर त्याच्या बदल्यात कुत्र्यांच्या जिवाची हमी कोणी घ्यायची, हा आयर्लंडमधील जुना वाद पुन्हा पुन्हा डोके वर काढतो.

ग्रेहाउंड शर्यत म्हणजे नेमके काय?

ग्रेहाउंड हा सडपातळ, लांब पायांचा आणि प्रामुख्याने नजरेच्या जोरावर शिकार करणारा कुत्रा. वजन साधारण ३० किलो, आणि वेग ताशी ६० किलोमीटरहून अधिक. लंबवर्तुळाकार वाळूच्या धावपट्टीवर रुळावरून पळणाऱ्या कृत्रिम सशामागे ही कुत्री धावतात. आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये एका शर्यतीत सहसा सहा कुत्री असतात, तर ऑस्ट्रेलियात आठ. आयर्लंडमधील नेहमीचे अंतर ५२५ यार्ड, म्हणजे ४८० मीटर. चांगला कुत्रा ते तीस सेकंदांच्या आत कापतो. या अर्ध्या मिनिटाच्या खेळावर सट्टा लागतो आणि व्यवसायाचे अर्थकारण मुख्यतः त्यावरच उभे आहे.

यांत्रिक सशामागे कुत्री पळवण्याची आधुनिक पद्धत अमेरिकेत सुरू झाली. ओवेन पॅट्रिक स्मिथ यांनी १९१९ मध्ये कॅलिफोर्नियातील एमरीव्हिल येथे अशी धावपट्टी उभारली. जुलै १९२६ मध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यू स्टेडियममध्ये ब्रिटनमधील अशी पहिली शर्यत झाली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये बेलफास्टच्या सेल्टिक पार्कवर आणि मे महिन्यात डब्लिनच्या शेलबर्न पार्कवर शर्यती सुरू झाल्या. शेलबर्न पार्क आजही आयर्लंडमधील या खेळाचे मुख्य ठिकाण आहे.

घोड्यांच्या शर्यती पूर्वापार श्रीमंतांच्या, तर ग्रेहाउंड कष्टकऱ्यांचा. एखादा शेतकरी किंवा गिरणी कामगारही एक-दोन कुत्री पाळू शकत होता. आयर्लंडच्या ग्रामीण भागात, विशेषतः मन्स्टर प्रांतात, हा घरोघरचा जोडधंदा झाला. सरकारी पाठबळाची मुळे या सामाजिक पायात आहेत.

सरकार यात कसे आले?

आयर्लंडच्या संसदेने १९५८ मध्ये ‘ग्रेहाउंड उद्योग कायदा’ केला. त्यातून ‘बोर्ड ना गॉन’ हे निमसरकारी मंडळ स्थापन झाले. शर्यतींमधील गैरप्रकार रोखणे, धावपट्ट्यांना परवाने देणे, सट्ट्याचे नियमन करणे आणि कुत्र्यांच्या निर्यातीला चालना देणे ही कामे त्याच्याकडे आली. मंडळावरील नेमणुका मंत्री करतात आणि मंडळ कृषी खात्याच्या अखत्यारीत येते. कृषी खाते हा तपशील महत्त्वाचा आहे. ग्रेहाउंडकडे तिथे पाळीव प्राणी म्हणून नव्हे, तर शेतीपूरक उत्पादन म्हणून पाहिले गेले.

२०२० मध्ये मंडळाचे नाव बदलून ‘ग्रेहाउंड रेसिंग आयर्लंड’ झाले. त्याचे मुख्यालय लिमरिकमध्ये आहे. अनेक स्टेडियम थेट मंडळाच्या मालकीची आहेत. ‘टोट’ नावाची सामायिक सट्टा व्यवस्थाही मंडळच चालवते. म्हणजे मैदानाचा मालक, सट्ट्याचा चालक, बक्षिसांचा दाता, परवाना देणारा अधिकारी आणि कारवाई करणारा, या सगळ्या भूमिका एकाच संस्थेकडे आहेत.

पैसा कुठून येतो आणि कुठे जातो?

२००१ च्या ‘घोडे आणि ग्रेहाउंड शर्यत कायद्या’ने एक स्वतंत्र निधी उभा केला. निधीची विभागणी ठरलेली आहे : ८० टक्के घोड्यांच्या शर्यतींना, २० टक्के ग्रेहाउंडना. मुळात हा निधी सट्ट्यावरील करातून मिळणाऱ्या उत्पन्नाशी जोडला होता. नंतर हा थेट दुवा सैल होत गेला आणि रक्कम अर्थसंकल्पात ठरू लागली. २०१९ मध्ये एकूण निधी ८ कोटी ४० लाख युरो होता आणि ग्रेहाउंडना १ कोटी ६८ लाख युरो मिळाले. त्याच वर्षी आयर्लंडने सट्ट्यावरील कर १ टक्क्यावरून २ टक्क्यांवर नेला.

या पैशातला मोठा भाग बक्षिसांच्या रकमेत जातो. बाहेरून पाहताना ही रक्कम म्हणजे विजेत्याचे कौतुक वाटते, पण व्यवसायाचा गाडा तिच्यावरच चालतो. बक्षीस चांगले असेल तर मालक कुत्री विकत घेतात आणि प्रशिक्षकाला दरमहा शुल्क देतात. मागणी टिकून राहिली की पैदास करणारे नवी पिल्ले आणतात. सरकारी मदत कमी झाली तर आधी बक्षिसे आटतात आणि नंतर पैदास. म्हणूनच मदतीच्या आकड्याकडे समर्थक आणि विरोधक दोघेही डोळे लावून बसलेले असतात.

मदतीच्या बाजूने काय सांगितले जाते?

समर्थकांचा पहिला मुद्दा रोजगाराचा. प्रशिक्षक, श्वानगृहांतील कामगार, पशुवैद्यक, खाद्य उत्पादक आणि स्टेडियममधील कर्मचारी यांची उपजीविका या व्यवसायावर आहे आणि ती बहुतांश ग्रामीण भागात आहे. दुसरा मुद्दा निर्यातीचा. ब्रिटनच्या धावपट्ट्यांवर पळणाऱ्या ग्रेहाउंडपैकी ८० टक्क्यांहून अधिक आयर्लंडमध्ये जन्मलेली असतात.

तिसरा मुद्दा कराचा. सट्ट्यावरील करातून सरकारला निधीएवढी किंवा त्याहून अधिक रक्कम मिळते, मग हा पैसा करदात्याच्या खिशातून गेला असे कसे म्हणायचे, असा त्यांचा सवाल असतो. विरोधकांचे उत्तर असे की, हा कर फुटबॉलपासून परदेशी घोड्यांच्या शर्यतींपर्यंत सगळ्या सट्ट्यावर लागतो. सरकारी तिजोरीत आलेला कर हा सार्वजनिक पैसा असतो. मद्यावरचा कर मद्य उत्पादकांना परत दिला जात नाही, मग इथेच वेगळा न्याय का?

चौथा मुद्दा देखरेखीचा, आणि तोच सर्वांत वजनदार आहे. सरकार पैसा देते म्हणून अटी घालू शकते. मदत बंद केली तर शर्यती खासगी हातांत किंवा आडबाजूला जातील आणि कुत्र्यांची अवस्था आणखी वाईट होईल, असे समर्थक सांगतात. या दाव्याची परीक्षा गेल्या पंधरा वर्षांच्या इतिहासातच घेता येते.

देखरेख प्रत्यक्षात कशी चालली?

२०१० मध्ये आयर्लंडने कुत्र्यांच्या पैदास केंद्रांसाठी कायदा केला, तेव्हा ग्रेहाउंडना त्यातून वगळण्यात आले. त्यांच्यासाठी २०११ मध्ये स्वतंत्र ‘ग्रेहाउंड कल्याण कायदा’ आला. पैदास केंद्रांची नोंदणी, मादीच्या विणींवर मर्यादा आणि श्वानगृहांची तपासणी अशा तरतुदी त्यात होत्या. कुत्र्यांच्या वंशावळीची नोंदवही मात्र ‘आयरिश कोर्सिंग क्लब’ या वेगळ्याच संस्थेकडे राहिली. खुल्या मैदानात सशांमागे कुत्री सोडण्याच्या ‘कोर्सिंग’ या खेळाचे नियंत्रण ही संस्था करते. तो खेळ आयर्लंडमध्ये अजूनही कायदेशीर आहे. १९९३ पासून त्यात कुत्र्यांना मुसके बांधणे बंधनकारक आहे.

कागदावर नियम होते, पण एक मोठी फट राहिली. पिल्लाचा जन्म नोंदवला जाई आणि शर्यतीत उतरल्यावर पुन्हा नोंद होई. मधल्या काळात किंवा निवृत्तीनंतर त्या कुत्र्याचे काय झाले, हे सलगपणे सांगणारी व्यवस्था नव्हती.

आर्थिक कारभारातही अडचणी होत्या. लिमरिकमध्ये २०१० साली उभ्या राहिलेल्या नव्या स्टेडियममुळे मंडळावर कर्जाचा मोठा बोजा आला. सरकारने नेमलेल्या ‘इंडेकॉन’ या सल्लागार संस्थेने २०१४ मध्ये मंडळाच्या कारभारावर आणि गुंतवणुकीच्या निर्णयांवर टीका केली. कर्ज फेडण्यासाठी डब्लिनमधील हॅरल्ड्स क्रॉस हे जुने स्टेडियम फेब्रुवारी २०१७ मध्ये बंद करण्यात आले. पुढे २ कोटी ३० लाख युरोंना ते शिक्षण खात्याने शाळांसाठी विकत घेतले. म्हणजे कर्जातून बाहेर पडण्याची वाटही दुसऱ्या सरकारी खात्याच्या तिजोरीतूनच गेली.

२०१९ मध्ये काय घडले?

२६ जून २०१९ रोजी आयर्लंडची सार्वजनिक वाहिनी आरटीईने या व्यवसायावरचा शोधकार्यक्रम दाखवला. त्यातला सर्वांत खळबळजनक पुरावा मंडळाने स्वतःच मागवलेला एक अहवाल होता. ‘प्रिफर्ड रिझल्ट्स’ या सल्लागार संस्थेने २०१७ मध्ये केलेल्या या अभ्यासाचा अंदाज असा होता : देशात दर वर्षी सुमारे १६ हजार ग्रेहाउंड जन्माला येतात आणि पुरेसे वेगवान नाहीत म्हणून त्यांतील सुमारे ६ हजार मारले जातात. मंडळाने या आकड्यांच्या अचूकतेवर शंका घेतली. पण अहवाल दोन वर्षे हाताशी असताना तो लोकांसमोर का आला नाही, हा प्रश्न त्याने सुटला नाही.

परिणाम लगेच दिसले. बॅरीज टी ही चहा कंपनी आणि एफबीडी ही विमा कंपनी यांच्यासह काही प्रायोजकांनी अंग काढून घेतले. स्टेडियमबाहेर निदर्शने सुरू झाली.

या संख्येमागचे गणित समजून घेणे गरजेचे आहे. ग्रेहाउंड साधारण बारा ते चौदा वर्षे जगतो. त्याची शर्यतीतील कारकीर्द जेमतेम दोन-तीन वर्षांची असते. दुखापत झाली तर त्याहूनही कमी. उरलेली दहा वर्षे त्याला खाऊ कोणी घालायचे आणि औषधपाणी कोणी करायचे? शिवाय जन्मलेले प्रत्येक पिल्लू वेगवान निघत नाही. चांगले सहा मिळावेत म्हणून अधिक पिल्ले जन्माला घातली जातात आणि उरलेली ‘जादा’ ठरतात. वळणावर कुत्री एकमेकांवर आदळतात, मागच्या पायाचा सांधा मोडतो, आणि उपचाराचा खर्च कुत्र्याच्या पुढील कमाईपेक्षा जास्त असतो. यातली प्रत्येक पायरी व्यवसायाच्या हिशेबातून आपोआप निघते, त्यासाठी कोणी मुद्दाम क्रूर असावे लागत नाही. म्हणून केवळ वाईट मालकांना पकडून हा प्रश्न संपत नाही.

नव्या कायद्याने काय बदलले?

‘ग्रेहाउंड शर्यत कायदा’ २०१९ मध्येच, कार्यक्रमाआधी, मंजूर झाला होता. त्याने मंडळाला तपासाचे आणि दंडाचे अधिक अधिकार दिले, उत्तेजक द्रव्यांविरुद्धचे नियम कडक केले आणि तपास करणारे व निर्णय देणारे यांना वेगळे केले. कुत्र्यांचा माग ठेवण्याची तरतूदही त्यात होती. तिच्या आधारे २०२१ पासून संगणकीय नोंदव्यवस्था सुरू झाली. पिल्लाचा जन्म, मालकीतील बदल, शर्यती, निर्यात, दत्तक देणे किंवा मृत्यू हे टप्पे त्यात नोंदवणे मालकावर बंधनकारक आहे. निवृत्त कुत्र्यांना घर शोधून देण्यासाठी निधीही राखून ठेवला जाऊ लागला.

या सुधारणा खऱ्या आहेत. त्यांची मर्यादाही खरी आहे. नोंदव्यवस्थेत माहिती भरणारा मालकच असतो. कुत्रा देशाबाहेर गेला की आयर्लंडच्या मंडळाची नजर तिथे पोहोचत नाही, आणि मोठ्या संख्येने कुत्री तर बाहेरच जातात. शिवाय पैदास कमी करायची तर व्यवसाय आकसतो, आणि व्यवसाय वाढवणे हे मंडळाचे मूळ काम आहे. ही ओढाताण कायद्यातील दुरुस्तीने पूर्ण मिटलेली नाही.

प्रवर्तक आणि नियामक वेगळे केले तर?

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सचा अनुभव इथे उपयोगी पडतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये तिथल्या एबीसी वाहिनीने काही प्रशिक्षक सरावासाठी जिवंत ससे, डुकराची पिल्ले आणि पॉसम वापरत असल्याचे चित्रण दाखवले. सरकारने माजी न्यायमूर्ती मायकेल मॅकह्यू यांचा चौकशी आयोग नेमला. बारा वर्षांत ४८,८९१ ते ६८,४४८ कुत्री स्पर्धेत टिकत नाहीत म्हणून मारली गेली असावीत, असा अंदाज आयोगाने दिला. जुलै २०१६ मध्ये राज्याचे प्रमुख माइक बेअर्ड यांनी शर्यतींवर बंदी जाहीर केली आणि ऑगस्टमध्ये कायदाही मंजूर झाला.

मग ग्रामीण मतदारसंघांत संताप उसळला. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी बेअर्ड यांनी माघार घेतली. तरीही पुढच्याच महिन्यात ऑरेंज येथील पोटनिवडणुकीत सत्ताधारी आघाडीतील नॅशनल्स पक्षाने परंपरागत जागा गमावली. बंदीऐवजी २०१७ मध्ये नवा कायदा आला. जुलै २०१८ पासून व्यवसाय चालवणारी संस्था आणि कल्याण व शिस्त पाहणारा आयोग वेगळे झाले. प्रवर्तकानेच पहारा देऊ नये, हे तत्त्व तिथे कायद्यात आले. मात्र व्यवसाय वाढवू पाहणारी संस्था आणि तिला रोखणारा आयोग यांच्यातील तणाव कायम राहिला आणि पुढेही नव्या चौकशा झाल्या. संस्था वेगळ्या केल्याने निष्पक्षता वाढते, पण ‘जादा’ कुत्र्यांचे गणित बदलत नाही.

सरकारने हात काढून घेतला तर?

याची उत्तरे ठिकठिकाणी वेगवेगळी दिसतात. ऑस्ट्रेलियाच्या राजधानी प्रदेशाने, म्हणजे कॅनबेराने, वर्षाला सुमारे १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचे अनुदान बंद केले आणि ३० एप्रिल २०१८ पासून शर्यतींवर बंदी घातली. टास्मानिया राज्याने ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारी मदत २०२९ पर्यंत संपवण्याचे जाहीर केले. सरकारी पैशाविना तिथे शर्यती टिकणार नाहीत, हे या घोषणेत गृहीतच आहे.

अमेरिकेत फ्लोरिडाच्या मतदारांनी २०१८ मध्ये सुमारे ६९ टक्के मतांनी बंदीचा कौल दिला आणि २०२० च्या अखेरीस तिथल्या धावपट्ट्या थांबल्या. आता तिथे फक्त वेस्ट व्हर्जिनियात दोन धावपट्ट्या उरल्या आहेत. कॅसिनोच्या उत्पन्नातील हिस्सा कायद्याने बक्षिसांकडे आणि पैदासीकडे वळवला जातो, हे त्या टिकून राहण्याचे मोठे कारण. २०१७ मध्ये तिथल्या विधिमंडळाने ही मदत थांबवण्याचे विधेयक मंजूर केले होते, पण राज्यपाल जिम जस्टिस यांनी ते नाकारले.

न्यूझीलंडने २०१७ आणि २०२१ मध्ये न्यायमूर्तींकडून आढावे घेतले आणि व्यवसायाला सुधारण्याची संधी दिली. दुखापतींचे प्रमाण समाधानकारक घटले नाही, हे कारण देऊन २०२४ मध्ये बंदीचा निर्णय झाला. त्याच दिवशी संसदेने तातडीने एक कायदा केला : दुखणे नसताना कुत्री मारून टाकता येणार नाहीत. शर्यती बंद होणार म्हटल्यावर सुमारे २,९०० कुत्र्यांना घरे शोधणे आले, आणि काही मालक सोपा मार्ग धरतील अशी भीती होती. बंदी हा शेवट नसून मोठ्या कामाची सुरुवात असते, हे यातून दिसते. वेल्सच्या सरकारनेही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंदीचा मनोदय जाहीर केला. तिथे एकच धावपट्टी उरलेली आहे.

आयर्लंडसमोर कोणते पर्याय?

सध्याची चौकट कायम ठेवून अटी कडक करणे हा पहिला पर्याय. दर वर्षीचा हप्ता निवृत्त कुत्र्यांच्या नोंदी आणि दुखापतींचे प्रमाण यांच्याशी बांधता येईल. दुसरा पर्याय, मंडळाकडून कल्याण आणि शिस्तीचे काम काढून स्वतंत्र नियामकाकडे देणे. तिसरा, मदत टप्प्याटप्प्याने कमी करून त्यातील वाटा कुत्र्यांच्या पुनर्वसनाकडे आणि कामगारांकडे वळवणे. चौथा पर्याय थेट बंदीचा. ग्रामीण मतांचे वजन पाहता त्याला आयर्लंडच्या मोठ्या पक्षांत फारसा पाठिंबा नाही.

बाहेरच्या घडामोडींचा दाब मात्र वाढतो आहे. आयरिश कुत्र्यांची मुख्य बाजारपेठ ब्रिटन आहे. वेल्सने दार बंद केले आणि ब्रिटनच्या इतर भागांनी तीच वाट धरली, तर निर्यातीचा आधार डळमळेल. मग देशांतर्गत बक्षिसांसाठी सरकारकडे अधिक पैसा मागितला जाईल, आणि मदत वाढवायची की हात आखडता घ्यायचा हा निर्णय संसदेला टाळता येणार नाही. निधीचा आकडा आयर्लंडच्या अर्थसंकल्पात लहान असला, तरी दर वर्षी जन्माला येणाऱ्या हजारो पिल्लांपैकी किती म्हातारपण पाहतील, हे बऱ्याच अंशी त्या आकड्यावर आणि त्याला जोडलेल्या अटींवर ठरते.